वाचा गेली तर

"...आणि जीभच गेली तर? ते अपंगत्वात धरतात का?"

ढोमणे सरांनी हे इतक्या हळू विचारलं, की हमीदचाचांना कान पुढे करावा लागला.

चाचा सरांच्याच शाळेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होते. आता टेकडीवरच्या दर्ग्याची झाडलोट करत; दोघं त्याच्याच पायरीवर बसले होते. संस्थेने कर्मचाऱ्यांचा विमा काढला, तेव्हा त्यातली कलमं समजून घ्यायला शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांच्याकडे येऊन गेले. ढोमणे सर तेवढे आले नव्हते. वक्तृत्वाच्या ढाली आणणारा माणूस. कुणाला काही विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"हात, पाय, डोळे, कान, वाचा," चाचा म्हणाले. "पाचही धरलेत."

"दात?"

"काढणं, भरणं मिळतं. कवळीचे निम्मे."

"आणि आजार आधीपासूनचा निघाला तर?"

"विमा जूनपासून लागू आहे. तुम्हाला त्रास कधीपासून?"

सरांनी खिशातून रुमाल काढला.

"दिवाळीपासून."

"मग बसता की तुम्ही."

सरांचा चेहरा सैल झाला नाही. त्यांनी तो रुमाल ओठांवर दाबला.

"वाचा म्हणजे पूर्णच जायला हवी का?"

"निम्मी गेली तरी चालते. डॉक्टरांचा दाखला लागतो."

"दाखल्याशिवाय?"

"नाही मिळत."

"वर्ग काढून घेतात?"

"दुसरं काम देतात. घरी बसवत नाहीत."

सरांकडचे प्रश्न संपले. ते उठले मात्र नाहीत.

"कुणाला दाखवलंत?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"घरी?"

"न्हाणीला कडी लावून मीच बघतो आरशात. आधी तांदळाएवढं होतं. मग मी... मग मी आरसाच काढून ठेवला."

खालच्या रस्त्याने एक बैलगाडी गेली.

मग चाचांनी तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढली. नंतर खालची. दोन्ही पायरीवर ठेवल्या. त्यांचे गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे आली. हे दात खोटे आहेत हे सरांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"आता तुम्ही," बोळक्या तोंडाने चाचा म्हणाले.

बऱ्याच वेळाने सरांनी रुमाल खाली घेतला. डोळे घट्ट मिटले. तोंड उघडलं, उन्हाकडे केलं आणि जीभ एका बाजूला वळवून बाहेर काढली.

चाचा वाकून बघत राहिले.

सरांच्या कपाळावरून घाम कानापर्यंत उतरला.

"केवढं झालंय?"

पायरीवर हात फिरवून चाचांनी कवळ्या शोधल्या, सदऱ्याला पुसल्या, तोंडात बसवल्या.

"चाचा... जे असेल ते सांगा. काय दिसलं?"

"काही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या." सरांच्या खांद्याचा आधार घेऊन चाचा उभे राहिले. "पण तोंड उघडलंय तुमचं. परत मिटायच्या आत दवाखान्यात चला."