पोयट्याचा गोळा

नदी जुनं पात्र सोडून खाली उतरली, तेव्हाची गोष्ट. मागे राहिलेल्या काठावर पिठासारखा मऊ पोयटा पडून होता. त्यात अजून कुणी काही पेरलं नव्हतं.

शेजारची काळी माती तोऱ्यात म्हणायची, "तू ना माझ्यासारखा चिकट, ना वाळूसारखा मोकळा. तुझी जात तरी कोणती, बाबा?"

एक दिवस गजराबाई वांग्याची कोमेजलेली रोपं घेऊन आली. आज लावली नसती तर रोपं मेली असती. कुठं लावायची ते ठरवायला तिनं पोयटा, काळी माती आणि काठची वाळू यांचे गोळे वळून पाहिले; वळले ते कमरेएवढ्या उंचीवरून टाकले. वाळूचा गोळा वळलाच नाही. काळीचा पडूनही तसाच राहिला. पोयट्याचा वळला, पण पडताच फुटला.

"हरलो," पोयटा म्हणाला.

"येड्या, घट्ट बसलास तर मुळं जातील कुठून?" म्हणत गजराबाईनं तिथंच पहिलं रोप लावलं.