आवडाई आणि पाणजाईचे दार

पुष्कळ पावसाळे उलटून गेले त्या गोष्टीला. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात शाळा नव्हती, आणि धामणखारचे लोक दिवसाची वेळ भरती-ओहोटीवरून सांगत. त्या काळी तेथे आवडाई नावाची एक बांधकरीण राहत असे. तिच्याविषयी जे ऐकिवात आहे ते सारेच खरे असेल असे नाही. परंतु ते खोटे ठरवण्याइतका पुरावाही कोणापाशी नाही. म्हणून जसे सांगतात तसेच ऐकावे.

धामणखारची भातशेती भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहे. शेती आणि खाडी यांच्यामध्ये चिखलमातीचा एक लांब बांध आहे, आणि त्या बांधावरच गाव जगते. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून वाट झाली, की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढे सात वर्षे भाताचे रोप धरत नाही. सात वर्षे उपाशी राहून कोणतेही गाव टिकत नाही. ही गोष्ट तेथील लहान मुलांनाही ठाऊक असे.

आवडाईचा नवरा हशा हा बांधाची राखण करीत असे. तो ऐन तारुण्यात तापाने गेला आणि राखण तिच्याकडे आली. ती अनवाणी बांधावरून चालली, की खाली खेकड्याने कोठे बीळ पाडले आहे ते तिच्या तळव्याला कळे, असे म्हणतात. मातीला कान लावला, की आत पाणी कोणत्या बाजूने शिरू पाहते आहे ते तिला ऐकू येई, असेही म्हणतात. एकदा तिचे जेवण व्हायचे होते म्हणून भरती घटकाभर थांबली होती, असे सांगणारेही आहेत. ते मात्र मला पटत नाही.

अशा या आवडाईचा देवावर विश्वास नव्हता.

गावाच्या टोकाला पाणजाई देवीचे देऊळ होते. देवीने खाडीवर नजर ठेवावी म्हणून ते पश्चिमेकडे तोंड करून बांधलेले होते. त्याला सागवानी लाकडाचे दोन प्रचंड दरवाजे होते, आणि आईचे दार मुलांना बंद कसे असेल, म्हणून ते सदैव उघडे असत. गावात कोणतेही मोठे काम काढायचे तर देवीचा कौल घ्यावा लागे. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवीची संमती. डावी पडली तर नकार. कौल मिळाला की नगारा वाजे, आणि नगारा वाजला की ऐंशी घरांतले प्रत्येक माणूस हातातले काम टाकून देवळापुढे हजर होई. कौलावाचून बांधावर मातीची एक पाटीदेखील टाकायची नाही, असा गावाचा दंडक होता.

देवीचा गुरव नागोजी. अतिशय सरळ मनुष्य. कळ्यांना त्याने आयुष्यात कधी कमी-अधिक ओले केले नाही. दर सोमवारी बांधावरून फेरी मारून आवडाई देवळाच्या पायऱ्यांवर टेके, नागोजी पानाची चंची घेऊन बाहेर येई, आणि दोघांचा वाद सुरू होई. तो ऐकण्यासाठी अर्धा गाव जमत असे.

“काय गो आवडाबाय, आज तरी दर्शन घेणार की नाही?”

“घरात कोणी आहे, एवढं आधी कळू दे. मग येते आत.”

“वारा दिसत नाही. तरी तो आहेच ना?”

“आहे. तो माझ्या डोळ्यांत धूळ घालतो. तुझ्या देवीनं आजवर माझं काय केलं, बरं की वाईट, ते एक सांग.”

“तुला जिवंत ठेवलं.”

“हशाला ठेवलं नाही.”

यावर नागोजी चंची तिच्यापुढे सरकवी. पान लावून झाले की पुन्हा दोघे नव्याने सुरुवात करीत.

“बरं, देवी मानत नाहीस, तर तुझ्या घराची पाळी आली की देवळाचं अंगण का झाडतेस? आणि तेही सगळ्यांत स्वच्छ?”

“अंगणात माणसं बसतात. माणसं आहेत हे मला दिसतं.”

“त्यांना बसवलं कोणी? देवीनंच ना? उद्या देऊळ नसलं, तर या ऐंशी घरांना हाक कोण मारणार? तू? तुझ्या हाकेला तुझा बोकड येत नाही.”

एकदा त्याने असे म्हटले तेव्हा लोक पोट धरून हसले. त्या दिवशी मात्र आवडाई उत्तर न देता उठून गेली, असे म्हणतात. तीस वर्षांत असे एकदाच झाले.

पुढे एका वर्षी भाद्रपद महिना आला. भात पोटरीला आले होते, कणसे बाहेर पडायच्या बेतात होती. अमावास्येला चार दिवस होते, आणि त्या अमावास्येचे उधाण वर्षातले सर्वांत मोठे असते. सकाळच्या फेरीत आवडाई बांधाच्या वळणावर थांबली. तेथे बांधाला घाम फुटला होता. आतल्या बाजूने माती ओली होऊन पाझरत होती. ती तशीच देवळाकडे गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “नागोजीभाऊ, नगारा वाजव. सगळं गाव लागेल. नाहीतर अमावास्येला बांध जाईल.”

नागोजीने स्नान करून कौल लावला. डावी कळी पडली. दुसऱ्या दिवशी लावला, डावीच पडली. तिसऱ्या दिवशीही डावी पडली. तीनदा नकार आल्यावर पुन्हा विचारायचे नाही, अशी रीत होती. गावचे खोत भिकाजीराव यांनी सर्वांसमक्ष सांगितले, “देवीची आज्ञा नाही. जो बांधावर माती टाकील त्याला गाव वाळीत टाकील.”

आवडाईने घरोघर जाऊन हाक मारली. बायका डोळ्यांना पदर लावीत. पुरुष मान खाली घालीत. कोणी वाईट नव्हते. परंतु कोणी आलेही नाही. तेव्हा तिने पाटी घेतली आणि ती एकटी बांधावर गेली. त्या दिवशी तिने दहा माणसांची माती वाहिली, असे म्हणतात. खोतांनी दंडक केला होता; तरी ती परतली तेव्हा कोणीतरी तिच्या उंबऱ्यावर भाकरी ठेवलेली होती. पण घाम सुटलेली जागा चार हातांवरून बारा हात झाली होती, आणि मधे एकच दिवस उरला होता.

तेव्हा, इतकी वर्षे जे तिने कोणाला सांगितले नव्हते ते सांगण्याची वेळ आली.

नागोजी देवळामागे पूजेची उपकरणी घाशीत बसला होता. आवडाई त्याच्यासमोर उकिडवी बसली.

“नागोजीभाऊ, पावसाळ्यात उजवी कळी पडलेली तुला आठवते का?”

नागोजीने आठवून पाहिले. “नाही.”

“आणि हिवाळ्यात डावी?”

“नाही आठवत. देवीला पावसाळ्यात मातीला हात लावलेला आवडत नाही, असं माझे आजे सांगत.”

“पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. दारातून येतो तो थेट मूर्तीच्या डाव्या खांद्यावर. हिवाळ्यात उत्तरेचा, तो उजव्या खांद्यावर. मी बांधावरची बाई, वाऱ्याकडे बघण्यातच माझा जन्म गेला.”

नागोजीने हातातले निरांजन खाली ठेवले. “किती वर्षं ठाऊक आहे तुला हे?”

“बारा.”

“आणि दर सोमवारी माझ्याशी वाद घालतेस. मग हे एकदाही का बोलली नाहीस? त्याच दिवशी जिंकली असतीस.”

“तुझ्या कौलावर भाऊभाऊ भांडण विसरत होते. नगारा वाजला की सगळं गाव एका जागी येत होतं. बांधही शाबूत होता. मग कशाला मोडू? माझ्या हाकेला बोकड येत नाही हे तू खरंच बोललास. घरोघर हाका मारल्या; एक माणूस आलं नाही. आता तूच ठरव. मी गावात कोणाला सांगणार नाही.”

एवढे बोलून ती पुन्हा बांधावर गेली. तिने खरोखरच कोणाला सांगितले नाही.

नागोजीपुढे आता आयुष्यभराच्या सेवेचा प्रश्न होता. तो गप्प राहता तर त्याला कोणी विचारणार नव्हते. परंतु तो तसाच उठला, सर्व गावाला देवळात बोलावले आणि वाऱ्याची गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग त्याने, कोणाच्या आठवणीत कधी झाले नव्हते ते केले. त्याने देवळाचे दोन्ही दरवाजे ओढून लावून घेतले. समई लावली. नवी कळी या खांद्यावर, नवी कळी त्या खांद्यावर. सगळे गाव कळ्यांकडे पाहत राहिले.

कळ्या हलल्या नाहीत. ना डावी पडली, ना उजवी. एक प्रहर गेला. कळ्या सुकल्या आणि मूर्तीला तशाच चिकटून राहिल्या.

“देवी कोपली,” भिकाजीराव म्हणाले. “दार लावलेलं तिला खपलं नाही.”

“खोत, मी तीस वर्षं हिच्यापुढे बसतो आहे,” नागोजी म्हणाला. “ती कोपलेली नाही. ती काही बोलतच नाही. आता मुलानं दरवेळी जाऊन विचारायचं, आई, मी माझं घर शाकारू का, आई, मी माझं घर शाकारू का. एखादी आई गप्पच बसेल.”

आणि कौल नसताना त्याने नगाऱ्यावर टिपरी मारली.

नगारा वाजला मात्र, ऐंशी घरांतली माणसे बांधाकडे धावली. जी वाकून चालत होती तीही धावली, असे म्हणतात. वळणावर आवडाई मातीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. गाव येताना पाहून तिने पाटी खाली ठेवली आणि डोळे पुसले. हशा गेल्यानंतर तिला कोणी रडताना पाहिले ते तेवढेच.

दिवस मावळेपर्यंत माती पडत राहिली आणि उजाडताच पुन्हा पडू लागली. अमावास्येच्या दुपारी उधाण आले. पाणी बांधाच्या माथ्याशी चढले, आणि नेमकी त्याच वेळी वळणावर दोन माणसे शिरतील एवढी खांड पडली. टाकलेली माती पाण्याबरोबर वाहून जाऊ लागली. पाटीमागून पाटी, पाटीमागून पाटी, काही टिकेना.

तेव्हा नागोजी ओरडला, “दरवाजे आणा. देवळाचे दरवाजे आणा.”

सोळा जणांनी ते बिजागऱ्यांसकट उपटले आणि खांद्यांवर घेऊन आले. पुढे भिकाजीराव होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

“नागोजीभाऊ,” आवडाई म्हणाली, “देवीचं दार आहे ते.”

“तू तर म्हणतेस आत कोणी नाही. मग दार हवं कशाला?”

त्या प्रसंगातही लोक हसले. हसत हसतच त्यांनी दरवाजे खांडीत आडवे रेटले. आवडाई कमरेइतक्या पाण्यात उतरून जागा दाखवीत होती, आणि नागोजी तिच्या शेजारी खांदा लावून उभा होता. दरवाजांवर माती पडली. माती धरली. पाणी चढतच राहिले. ते बांधाच्या माथ्याहून वीतभर उंच होऊन भिंतीसारखे उभे राहिले, आणि अलीकडे त्याचा एक थेंबही आला नाही, असे म्हणतात. मग ते हळूहळू उतरू लागले.

“पाणजाईच्या नावानं चांगभलं,” गाव गरजले.

“आवडाईच्या नावानं चांगभलं,” नागोजी एकटाच म्हणाला. मग गावही म्हणाले.

त्या वर्षी धामणखारात भात इतके उंच वाढले की कापणाऱ्यांना वाकावे लागले नाही, असे म्हणतात. आवडाईने मात्र त्यानंतरही हात जोडले नाहीत. ती आणि नागोजी जिवंत होते तोवर सोमवारचे वाद चालू राहिले. त्या कळ्या का पडल्या नाहीत, हाच पुढे त्यांच्या वादाचा मुख्य विषय झाला. वारा नव्हता म्हणून, असे ती म्हणे. आपल्या लेकरांना स्वतःच्या पायांवर उभे करायचे होते म्हणून, असे तो म्हणे.

पाणजाईच्या देवळाला आजही दार नाही. बांधाच्या कामासाठी तेथे कौल लावीत नाहीत. भाद्रपदी अमावास्येच्या सकाळी गाव देवळात जमते. एक जण देवीच्या बाजूने बोलतो आणि एक जण आवडाईच्या बाजूने. देव आहे की नाही, देवळे माणसांना जोडतात की नुसती बांधून ठेवतात, सर्व काही मोकळेपणाने बोलायचे. कोणी रागवायचे नाही, आणि निकालही द्यायचा नाही. काही वर्षी आवडाईच्या बाजूने बोलायला चौघे पुढे येतात. काही वर्षी एकही मिळत नाही, आणि मग एखाद्या माळकरी आजोबांना देव नाही असे सिद्ध करीत घाम गाळावा लागतो. मध्यंतरी एका वर्षी गुरवांची नात आवडाईच्या बाजूने उभी राहिली, आणि समोर देवीच्या बाजूने तिचे आजोबाच होते. तिने असे प्रश्न विचारले की म्हातारा चष्मा काढून पुशीत बसला. मग म्हणाला, “पोरी, पुढच्या वर्षी बघतो तुला.”

मग नेहमीप्रमाणे नगारा वाजला. आवडाईच्या बाजूने जो बोलतो त्याने पहिली पाटी उचलायची आणि देवीच्या बाजूने जो बोलतो त्याने ती भरून द्यायची, असा तेथला मान आहे. आजोबांनी फावडे हातात घेतले आणि नातीची पाटी शिगोशीग भरली. ती डोक्यावर घेऊन मुलगी पुढे निघाली, आणि तिच्यामागून सगळे गाव बांधाची वाट चालू लागले.