सुतक कुणाला लागलं?

द्रुपदाचा नवरा यशवंता जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच तिला चावडीवर बोलावणं आलं. पोटी एकच पोर, तीही मुलगी. सर्जेराव पाटील पंचांपुढे म्हणाले, "यशवंता आमच्या भावकीतला, एकच रक्त. मागं मुलगा नाही, म्हणजे घर भावकीचं. सूनबाईनं लेकीला घेऊन माहेरी जावं."

माहेरी तरी कोण होतं बाई तिला? लेक पदराला घट्ट धरून उभी. पंच तर माना डोलवायला लागले.

"मामंजी, एवढंच सांगा," द्रुपदा हळू म्हणाली. "हे गेले त्याच्या चौथ्या दिवशी तुमच्या लेकाचं लग्न लागलं. भावकीला दहा दिवस सुतक असतं. तेव्हा भटजींना तुम्हीच म्हणालात, आमचं त्यांचं नातं तुटून पिढ्या झाल्या, आम्हाला सुतक नाही."

पाटलांचे नवे व्याही शेजारीच बसले होते. ते वळून बघायला लागले.

"रक्त एक असेल, तर तुमची सून सुतकात घरात आली. नसेल, तर माझ्या घरात तुमचं काय?"

पाटलांनी व्याह्यांकडे पाहिलं, पागोटं सारखं केलं. "नातं तसं लांबचंच," ते म्हणाले.

द्रुपदा घरी आली, आधी आतून कडी लावली, आणि मगच तिला रडू फुटलं.