शाल फटीतून आत द्या

ज्याने चोच दिली तो चाराही देतो, हे ज्या राज्यात सगळे मानत, तिथली ही गोष्ट.

एका जंगलात एक बेहड्याचं झाड होतं. त्याच्या ढोलीत चंद्राक्का धनेशीण अंडी उबवत होती. धनेशांची रीत अशी की, बायकोने आत बसून ढोलीचं तोंड स्वतः लिंपून घ्यायचं, चोचीपुरती फट ठेवायची आणि नवऱ्याने त्या फटीतून फळं भरवायची. एके दिवशी वादळ झालं आणि नवरा परतलाच नाही. मृत्युपत्र नव्हतं. कुठला धनेश करतो?

दहावा होताच दीर भिवबा आला. ढोली दादाची, म्हणजे आता आपली, असं त्याने शांतपणे सांगितलं. कायदा वेगळं सांगत होता. मृत्युपत्र नसेल तर बायको आणि पिल्लं सारख्या वाट्याची, भाऊ त्यांच्या मागे. पण भिवबा वाघमहाराजांच्या पक्षाचा फांदीप्रमुख होता.

चंद्राक्का उपाशी राहिली नाही. तांबट पक्ष्यांचं भजनी मंडळ रोज काकडा आटोपून फटीतून तिला, आणि अंडी फुटल्यावर पिल्लांनाही, उंबरं भरवी. देव देतोच, फक्त चोच दुसऱ्याची वापरतो.

मग कोल्हे प्रधानांनी ‘विधवा सन्मान सोहळा’ जाहीर केला. शाल, नारळ आणि एका कागदावर ठसा. साळिंदरीण गेली, मुंगशीण गेली. शाल पांघरून परतल्या, तर बिळात दिरांचे संसार थाटलेले.

चंद्राक्का बाहेर येईना, म्हणून वाघमहाराज स्वतः बेहड्याखाली आले.

“माता-भगिनी आमच्या हृदयात राहतात,” महाराज म्हणाले. टाळ्या झाल्या.

“तुमची कृपा,” आतून आवाज आला. “पण हृदयात पिल्लं मावायची नाहीत. शाल फटीतून आत द्या. तो कागदही द्या, वाचून बघते.”

कागदावर लिहिलं होतं: मी माझा हिस्सा दिरांना प्रेमाने सोडत आहे.

चंद्राक्काने तो चावून मऊ केला आणि भिंतीच्या चिरेत लिंपला.

“वहिनी, सरकारी कागद होता तो,” भिवबा कळवळला.

“म्हणूनच बसला हो भावजी. आता उताऱ्यावर माझं नि पिल्लांचं नाव चढवा, मग शाल पांघरते.”

महाराजांचे डोळे पाणावले. त्यांनी जागेवरच अख्ख्या झाडाचं नाव ‘मातोश्री चंद्राक्का बेहडा’ केलं. पाटी भिवबाने बसवली.

उताऱ्याचं कामही त्याच आठवड्यात होणार होतं. पण तेवढ्यात आचारसंहिता लागली.