मुक्या बाजारातलं मूल

सावली पायाखाली आली, बरोबर त्या भर दुपारच्या घटकेला आमची ही रीत सुरू झाली, असं सांगतात. खारशेतच्या आठवडी बाजारात आमच्या सिद्दी वाडीतल्या बायका तान्ही पोरं पाठीला बांधूनच सुकी मासळी विकतात. पाठ भरून येते, पोर घामानं चिंब होतं, पण मालाशेजारी त्याला कुणी खाली ठेवत नाही. मागल्या बाजारात एका पाहुणीनं बाळ बोंबलांच्या टोपलीजवळ बसवलं, तर वाडीतल्या थोरल्या हमीदा फुफी केवढ्यानं ओरडल्या, "अगो, उचल त्याला! विकायला काढलंस काय?" पाहुणी हसली. फुफींनी मग तिला शेजारी बसवून सांगितलं, ते असं.

आमचे मूळचे लोक समुद्रापलीकडच्या हबशांच्या मुलखातले. तिथं एकीकडे तापलेलं खारं मैदान. तिथलं मीठ विटांसारखं कापायचं, खेचरांवर लादायचं, उंच डोंगर चढून पलीकडे उतरायचं. पलीकडे नदीकाठच्या रानात सोनं काढणारे लोक राहत. त्यांच्याकडे मीठ नाही, यांच्याकडे सोनं नाही, आणि एकमेकांची भाषा कुणालाच येत नाही. म्हणून बाजार मुका. विटा मोकळ्यावर मांडायच्या, ढोल वाजवायचा आणि झाडीआड तोंड झाकून लपायचं, बघायचं नाही. मग ते लोक येत, मालापुढं सोन्याचे खडे ठेवून जात. पटलं तर सोनं उचलायचं, माल सोडायचा. नाही पटलं तर सोन्याला हात लावायचा नाही, ते आणखी भर घालत. पण सोनं ठेवल्यावर माल मागं घेतला, तर तो दगा. त्या तांड्याशी व्यवहार कायमचा तुटायचा.

एका वर्षी तांड्यात देस्ता नावाची तरणी बाई होती म्हणे. नवरा वाटेत तापानं गेलेला, कडेवर रांगतं पोर. झाडीआड बसल्या बसल्या थकव्यानं तिचा जरा डोळा लागला. जाग आली तर मांडी रिकामी! पोर तिकडं विटांमध्ये बसून मीठ चाटतंय आणि पलीकडच्या फांद्या हलतायत. ती ओरडणार, तोच तांड्याच्या म्होरक्यानं, गेब्रूनं, तिचं तोंड दाबलं आणि तिला खाली ओढलं.

ते लोक येऊन गेले. प्रत्येक विटेपुढं सोनं होतं. पोरापुढंही होतं, सगळ्यांत मोठी रास. मोकळ्यावर मांडलं ते विकायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

"पोराला उचलू नकोस," गेब्रू कुजबुजला. "व्यवहार तुटला तर आपल्या गावाची चूल बंद."

"भाव तर बघ! मिठाला कधी मिळाला नाही," दुसरा म्हणाला.

"मग तू जाऊन बस तिथं," देस्ता म्हणाली. "बघू तुझ्या तोंडाला काय भाव येतो!"

तिनं पोरापुढच्या सोन्याला हात लावू दिला नाही. पण त्याचा अर्थ उलटा झाला. किंमत कमी पडली असं वाटून ते पुन्हा आले आणि रास वाढवून गेले. आता नाही म्हणावं तरी कसं? नाही म्हणावं तसं सोनं वाढणार.

तेव्हा देस्ता उठली. उघड्या तोंडानं मोकळ्यावर गेली, विटांमध्ये बसली आणि पोराला पदराखाली घेतलं. उचलून पळाली नाही. म्हणजे आता ती स्वतःही मालातच बसली होती. पोर चुटुचुटु पीत होतं.

पलीकडची झाडी हलली. एक बाई बाहेर आली, पाठीवर तिचंही तान्हं. आजवर त्या लोकांतलं कुणी यांना दिसलं नव्हतं. तिनं विटांत बसलेल्या देस्ताकडे आणि पदराखालच्या पोराकडे पाहिलं. मग पोरापुढची सोन्याची रास तिनं ओटीत भरली. आपल्या पाठीचं फडकं सोडलं, स्वतःचं बाळ कडेवर घेतलं आणि त्याच फडक्यानं देस्ताचं पोर देस्ताच्या पाठीला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. आणि ती झाडीत निघून गेली. विटांपुढचं सोनं तसंच राहिलं. व्यवहार टिकला. पाठीला बांधलेलं मूल माल नव्हे, हे तिथून ठरलं, असं सांगतात.

आजही बाजाराला निघताना आमच्याकडे आई स्वतः गाठ मारत नाही. दुसरी बाई मारते, परक्या वाडीची मिळाली तर फारच बरं. माझ्या लेकीची गाठ कोळीवाड्यातल्या हिराताई मारतात, तरी दर घडीला माझा हात मागं जातोच. हल्ली बाजारात परगावच्या खूप जणी येतात, त्यांना हे ठाऊक नसतं. म्हणून विनवते, तुमच्या बाजारात कुणाचं लेकरू मालाजवळ खाली दिसलं, तर त्याच्या आईला ही गोष्ट सांगा. आणि गाठ तुम्ही मारा.