उंदरानं कुरतडलेलं टोपण

"मग हे हसू आलं कुठनं, बुवा?"

सारंगनं पिशवीतला फोटो काढून नेमूबुवांच्या पुढ्यात ठेवला. काळा-पांढरा, कडांना पिवळा पडलेला. त्यात त्याचे वडील होते. तरुण, भरघोस मिशीचे. मान जराशी कलती करून असे मनापासून हसत होते, की बघणाऱ्यालाही हसू यावं.

बुवांनी फोटो उचलला नाही, नुसता बघितला. त्यांनीच काढलेला होता.

नेमूबुवा हे नावाचेच बुवा. ना कीर्तन, ना गंडा, ना मंत्र. कुरुंदवाडात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करून त्यांनी दाढी वाढवली आणि घाटावरच्या उंबराखाली बसायला लागले. गावाला तेवढं पुरतं, गावानं त्यांना बुवा करून टाकलं. मग लांबलांबून पोरं खांद्याला कॅमेरे अडकवून यायला लागली. बुवा कधी बोलत, कधी नदीकडं बघत बसत. पोरं दोन्हीला उपदेश समजून परत जात.

सारंग त्यातला सगळ्यात हुशार. आणि हे त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

"हा ज्या लेन्सनं काढलात ती अजून तुमच्याकडं आहे म्हणे."

"आहे की."

"ती मला द्या."

बुवांनी मागं हात घालून एक कातडी डबी ओढली आणि त्याच्या हातात दिली. इतक्या सहज, की सारंग आठवडाभर मनात घोळवत आणलेली सगळी विनवणी वाया गेली.

त्याचा कॅमेरा नवाकोरा, आत आरसा नसलेल्या नव्या जातीचा, तळहातावर मावेल एवढा. जुनी लेन्स त्याला बसावी म्हणून मुद्दाम एक कडंही त्यानं आणलं होतं. कडं फिरलं, खट्कन बसलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय?" बुवांनी विचारलं.

"लेन्सच नाही म्हणतोय. जुन्या लेन्सला आतून काही जोडणी नसते, म्हणून ह्याला ती कळत नाही. मी त्याला सांगून ठेवतो, नाही तर नाही, तू आपला फोटो काढ."

"शहाणा आहे," बुवा म्हणाले. कॅमेरा की सारंग, ते त्यांनी सांगितलं नाही.

डबीत लेन्सचं टोपण राहिलं होतं. काळ्या प्लॅस्टिकचं. सारंगनं ते उलटसुलट करून बघितलं.

"हे राहू दे, बुवा. कडेला उंदरानं कुरतडलंय. नवं मिळतं."

बुवांनी टोपण घेतलं. कडेच्या खुणांवरनं अंगठा फिरवला.

"उंदीरच होता," ते म्हणाले. "चांगला गुबगुबीत."

खाली कुणीतरी कपडे आपटत होतं.

"आज एवढी घाई का रे?"

"आण्णा गाडीत बसलेत. घेऊनच आलोय त्यांना." सारंगचा आवाज उतरला. "बुवा, मी चाळिशीला आलो. त्यांना असं हसताना एकदाही बघितलं नाही. शाळेत हेडमास्तर, घरातही हेडमास्तर. मी इंजिनिअरिंग सोडून कॅमेरा धरला, तेव्हा रागावले नाहीत आणि बरं केलंस असंही म्हणाले नाहीत. पेपर वाचत राहिले. त्यांचे शेकडो फोटो काढले असतील मी... प्रत्येकात परीक्षेच्या हॉलवर उभे असल्यासारखे. आणि मग हा फोटो बघतो. हा माणूस खूष होता की, बुवा. मग माझ्याच वेळेला काय झालं?"

"म्हणून लेन्स पाहिजे."

"म्हणून लेन्स पाहिजे. अशी काच आता बनत नाही."

"काच चांगली आहे," बुवा म्हणाले. "बोलाव मास्तरांना."

आण्णा काठी टेकत आले. इस्त्रीचा सदरा, गळ्याचं बटण लावलेलं.

"नेमूबुवा, ती दाढी कधी काढणार?"

"तुम्ही हसला की."

"मग राहणारच म्हणायची."

एवढं बोलूनही आण्णांचा चेहरा जागचा हलला नाही. ते पायरीवर बसले. सारंग गुडघ्यांवर आला आणि लेन्सचं कडं बोटांनी हळूहळू फिरवायला लागला. जुनी लेन्स आपलं आपण काही करत नाही, सगळं हातानं जुळवावं लागतं. जे स्पष्ट होईल त्याच्या कडा पडद्यावर लाल चमकत; आधी आण्णांच्या मिशीच्या चमकल्या, मग पापण्यांच्या.

"आण्णा, जरा सैल बसा ना."

आण्णा आणखी ताठ झाले.

सारंगनं फोटो काढला. आणखी एक काढला. मागची नदी अशी मऊ विरघळून आली होती, की त्याच्या तोंडून वा निघून गेलं. आणि त्या सुंदर नदीपुढं हेडमास्तर बसले होते.

त्यानं कॅमेरा खाली केला.

"आण इकडं," बुवा म्हणाले.

त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि टोपण सारंगच्या हातात कोंबलं.

"हे धर. आणि बस इथं, माझ्या गुडघ्याशी."

"मी? मी कशाला?"

"टोपण धरायला माणूस लागतो."

सारंग बसला. एवढा मोठा बाप्या माणूस, फतकल मारून, रुसलेलं तोंड घेऊन. करायला काही नव्हतं म्हणून त्यानं टोपण डोळ्यांजवळ नेलं आणि त्या खुणा बघत राहिला. उंदराचे दात एवढे रुंद असतात का...

"तोंडात घालू नकोस," आण्णा म्हणाले.

सारंगनं वर बघितलं.

"नेमूबुवा, परत ह्याच्या हातात दिलंत ते? माझा फोटो काढतानाची मागची खेप विसरलात वाटतं. दोन दात होते नुसते. पण टोपण सोडेल तर शपथ. तुम्ही तिकडनं ओढताय, हा इकडनं ओढतोय, आणि वर माझ्याकडं बघतोय कसा... जसं काही मीच त्याला शाबासकी देणार..."

पुढचं आण्णांना बोलता येईना. मान जराशी कलली आणि ते हसायला लागले. खांदे हलायला लागले, काठी निसटून पायरीवर पडली, ती त्यांनी उचलली नाही.

सारंग बघत राहिला. कॅमेरा कुठं आहे, कुणाकडं आहे, काही त्याच्या ध्यानात उरलं नाही. हातातलं टोपण त्यानं घट्ट धरलं होतं.

"शाबासकी दिलीत का मग?" त्यानं विचारलं.

"टोपणासकट उचलून घेतलं तुला," आण्णा डोळे पुसत म्हणाले. "आणखी काय देणार?"

पुष्कळ वेळानं सारंगला आठवलं.

"बुवा... काढलात ना?"

कॅमेरा बुवांच्या मांडीवर होता. पडदा केव्हाच विझला होता.

"कळ कुठली दाबायची ते तू सांगितलंच नाहीस."

सारंगला राग यायला हवा होता. आला नाही. आण्णा उठले, एका हातात काठी घेतली आणि दुसरा हात न विचारता त्याच्या खांद्यावर ठेवला.

निघताना त्यानं टोपण बुवांपुढं धरलं. बुवा कडं फिरवून कॅमेऱ्यातनं लेन्स सोडवत होते. ती त्यांनी फडक्यानं पुसली, डबीत ठेवली आणि रिकामा कॅमेरा तेवढा त्याच्याकडं दिला.

"लेन्स राहू दे इथंच," ते म्हणाले. "टोपण घेऊन जा."