ओढ्याच्या मधले घरटे

एका जंगलातून एक ओढा वाहत असे आणि त्याच्या दोन काठांवर सातभाई पक्ष्यांचे दोन थवे राहत असत. मुलांनो, यांचे नाव सातभाई असले तरी थव्यात बहिणीही असतात. नाव ठेवताना त्यांना कोणी विचारले नाही, इतकेच. या पक्ष्यांची एक चांगली रीत होती. सगळे पाचोळ्यात किडे शोधत असताना एक जण झाडाच्या शेंड्यावर बसून शिकारी शिक्रा येतो का ते पाही. त्याच्या वाटणीचे किडे बाकीचे नेऊन देत.

अलीकडच्या थव्यात एक पक्षीण पलीकडून नांदायला आली होती. एके दिवशी दोन्ही म्होरक्यांनी सर्वांना बोलावून सांगितले, की आजपासून आपण एक. थवा मोठा असला म्हणजे शिक्रा दबकतो. पक्षिणीला हे फारच आवडले. सासर आणि माहेर एकाच फांदीवर येणार होते. तिने ओढ्याच्या मधोमध, लहानशा बेटावरच्या करवंदीच्या जाळीत घरटे बांधले. दोन्हीकडचे येता-जाता पिलांना भरवतील असे तिला वाटले, आणि ते भरवतही. फक्त अलीकडच्या पहारेकऱ्याला खाली उतरवले गेले. "शिक्रा एकच, मग त्याला बघायला चार डोळे कशाला?" म्होरके म्हणाले. त्या पहारेकऱ्याच्या वाटणीचे किडे म्होरक्यांकडे जाऊ लागले.

पुढे सर्वांत उंच फांदी कोणाची यावरून म्होरक्यांचे बिनसले. त्यांनी पुन्हा सर्वांना बोलावले. थवा फार अवजड झाला, लहान थवा कसा चपळ असतो, असे समजावले. ज्यांनी एकीला माना डोलावल्या होत्या, त्यांनीच बेकीलाही डोलावल्या. ओढा ही हद्द ठरली. बेटाचे नाव कोणी काढले नाही आणि अलीकडचा पहारेकरीही पुन्हा वर बसवला गेला नाही.

पक्षीण सासरच्या म्होरक्याकडे गेली. पिलांना अजून पंख फुटले नव्हते आणि भरवायला आता कोणी येत नव्हते. आपण चारा आणायला गेलो तर जाळीवर नजर कोण ठेवणार, असे तिने विचारले.

"सूनबाई, उरलेला पहारेकरी तुझ्या माहेरचा. त्यांनाच विचार," तो पिसे साफ करत म्हणाला.

माहेरचा म्होरक्या मायेने बोलला. "पोरी, तुला आम्ही तिकडे दिली ना? आता आमच्या माणसाने तुमच्या पिलांकडे बघितलेलं तुझ्या सासरी चालेल का?"

ती परत येऊन उपाशीच जाळीत बसून राहिली. पिलांचे ओरडणे ऐकवेना तेव्हा उठली, जवळच एक टोळ पकडला आणि लगेच वळली. तेवढ्यात शिक्रा येऊन गेला होता. पलीकडच्या पहारेकऱ्याने त्याला येताना पाहिले होते. पण शिक्रा त्याच्या काठाकडे येत नव्हता, म्हणून तो ओरडला नाही.

संध्याकाळी दोन्ही म्होरके समाचाराला आले आणि एकाच फांदीवर टेकले. आधी चूक कोणाची यावर वाजले, मग आवाज खाली आले. लहान थव्यात काही राम नाही, असे एक म्हणाला आणि दुसऱ्यालाही ते पटले.

"पुन्हा एक व्हायला हरकत नाही," सासरचा म्होरक्या म्हणाला. "सूनबाई, तुला तर आनंदच होईल."

पक्षिणीच्या चोचीत अजून तो टोळ होता.

तात्पर्य : थोर मंडळी जवळ येतानाही आणि दूर जातानाही सर्वांच्या भल्याचेच कारण सांगतात, त्या कारणाच्या भरवशावर घरटे बांधू नये. मग ते बांधावे कुठे, हे मात्र अजून कोणाला सापडलेले नाही.